जनरेटर आहे, पण सुरू होतो का?

रोवणीचे दिवस होते. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नोकरीला होतो. रात्री दोनच्या सुमारास दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे आईवडील आणि मामा आले. मुलगा घरात खाली जमिनीवर झोपला होता. पोटात दुखते म्हणून उठला आणि थोड्या वेळाने बोलताना अडखळू लागला. ‘पोरगा डोळेच उघडत नाही जी, साहेब,’ वडील सांगत होते. अंगावर कुठे सूज नव्हती, जखम दिसत नव्हती, पण पापण्या मिटत चालल्या होत्या. पावसाळ्याच्या रात्री आमच्या भागात असे मूल आले की डॉक्टरच्या मनात पहिले नाव येते ते मण्यारीचे.

मण्यारीचे विष नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडते. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हृदय आणि मेंदू मात्र ठीक असतात. त्या काळात कोणीतरी रुग्णाच्या वतीने श्वास घेत राहिले, तर बहुतेक रुग्ण वाचतात. आम्ही सर्पदंशाची लस सुरू केली. तासाभरात श्वास मंदावला, तेव्हा श्वासनलिकेत नळी घातली आणि अंबू बॅगने श्वास द्यायला सुरुवात केली. मोठ्या रुग्णालयात पाठवायचे तर वाटेतल्या नाल्यावरून पाणी वाहत होते. तेवढ्यात वादळ वाढले आणि वीज गेली.

जनरेटर सुरू झाला नाही. इंजिन चांगले होते, टाकीत डिझेल होते, पण स्टार्टरची बॅटरी उतरलेली होती. घशातला स्राव ओढून काढणारे सक्शन मशीन बंद पडले. अडगळीतून पायाने चालवायचे जुने सक्शन शोधून आणले. टॉर्चच्या उजेडात मी, सिस्टर, वॉर्डबॉय आणि मुलाचा मामा आळीपाळीने दर तीन-चार सेकंदांनी ती रबरी पिशवी दाबत राहिलो. सकाळी नाल्याचे पाणी उतरल्यावर रुग्णवाहिका निघाली. मुलगा वाचला. पण त्या रात्री एकाऐवजी असे दोन रुग्ण आले असते, तर काय झाले असते, याचे उत्तर मला आजही नकोसे वाटते.

वादळ दरवर्षी येणारच होते. बॅटरी मात्र कोणीतरी बघायला हवी होती, आणि त्या ‘कोणीतरी’त मीही होतो. आजचा लेख त्या बॅटरीविषयी आहे. म्हणजेच अवकाळी, पूर आणि उष्णतेच्या लाटा वाढत असताना आपल्या दवाखान्यांपर्यंत येणारी वीज टिकवायची कशी, याविषयी आहे.

गोंदियात बसून विजेची तक्रार करणे तसे विचित्रच. आपल्या तिरोड्यात ३,३०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. इथली वीज उंच मनोऱ्यांवरच्या वाहिन्यांवरून पार राज्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. म्हणजे आपल्याकडे वीज कमी नाही. अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. उपकेंद्रातून निघणारी ३३ आणि ११ केव्हीची लाइन जंगलातून, धानाच्या बांध्यांवरून, सागाच्या आणि मोहाच्या झाडांजवळून गावाकडे जाते. एप्रिल-मे महिन्यांत वादळी वारा सुटला की फांदी तारेवर पडते. आकाशातली वीज कोसळली की खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तडकतात. तडा बारीक असेल, तर तो जमिनीवरून दिसतही नाही. मग लाइनमन भर पावसात खांबामागून खांब तपासत जातो. अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा अशा जंगलपट्ट्यात हे काम किती वेळखाऊ आहे, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

पुरात चित्र आणखी वेगळे असते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांनी पाहिला. अशा वेळी तारा शाबूत असल्या तरी वीज बंदच ठेवावी लागते, कारण पाण्यात बुडालेली डीपी चालू ठेवणे म्हणजे माणसे मारणे होय. पाणी ओसरल्यावरही उपकरणे वाळवून, तपासून मगच वीज सोडता येते. म्हणून पुरात वीज किती वेळ जाईल, याचा हिशेब तासांत करून चालत नाही, दिवसांत करावा लागतो.

आणि उन्हाळ्यात? पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की घरोघरी कूलर एकाच वेळी चालतात. ट्रान्सफॉर्मरवर भार वाढतो, आणि बाहेरची हवाच तापलेली असल्याने त्यातले तेल थंड होत नाही. नेमक्या ज्या दुपारी उष्माघाताचे रुग्ण येतात, त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर दगा देतो. उष्माघातात अंगावर पाणी शिंपडून जोराचा वारा देणे, बर्फाच्या पट्ट्या ठेवणे हेच मुख्य उपचार आहेत. पंखा आणि बर्फ, दोन्ही विजेवर चालतात.

‘पण रुग्णालयात जनरेटर असतो ना?’ असे वाचक विचारतील. असतो. पण वीज गेल्यावर रुग्णालयात काय काय थांबते, याची यादी बहुतेकांना ठाऊक नसते. व्हेंटिलेटर आणि ऑपरेशनचे दिवे लगेच डोळ्यांसमोर येतात. नवजात बालकांना ऊब देणारे वॉर्मर आणि त्यांच्या श्वासाला आधार देणारी सीपॅप यंत्रे सहसा आठवत नाहीत. रक्तपेढीत रक्त २ ते ६ अंशांत ठेवावे लागते. डायलिसिसला शुद्ध केलेले पाणी लागते आणि ते शुद्ध करणारा पंप विजेवर चालतो. पंप बंद म्हणजे वॉर्डातला नळही बंद. कोरोनाकाळात अनेक रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे पीएसए प्लांट बसले. ते फार उपयोगाचे आहेत, पण पूर्णपणे विजेवर चालतात. वीज जाताच प्राणवायू तयार होणे थांबते, आणि भरलेले सिलिंडर जोडून ठेवलेले नसतील, तर पुढच्या काही मिनिटांत धावपळ सुरू होते. इकडे मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की १०८ला लावलेला फोनही लागत नाही.

म्हणून जनरेटर आहे की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. तो किती सेकंदांत सुरू होतो, किती तास चालतो आणि त्यावर नेमके काय काय जोडलेले आहे, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

या प्रश्नांची उत्तरे चुकली की काय होते, हे जगाने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कला झोडपले, तेव्हा तिथल्या एका नामांकित रुग्णालयातून तीनशेहून अधिक रुग्णांना रातोरात हलवावे लागले. जनरेटर होते, पण त्यांना डिझेल पुरवणारी यंत्रणा तळघरात होती आणि तळघरात समुद्राचे पाणी शिरले. नवजात अर्भकांना हाताने श्वास देत परिचारिकांनी जिन्यावरून खाली उतरवले. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात हे घडले. आपल्या राज्यात २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. तिथल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि आठ रुग्ण दगावल्याच्या बातमीने महाराष्ट्र हळहळला.

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आले. सुरुवातीला मृतांचा अधिकृत आकडा ६४ होता. नंतर विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढच्या सहा महिन्यांतले जादा मृत्यू मोजले गेले आणि सरकारने २,९७५ हा आकडा स्वीकारला. वादळाच्या तडाख्यात गेले त्यांच्यापेक्षा नंतर गेलेले कितीतरी जास्त होते. महिनोन्महिने वीज नाही, औषधे थंड राहत नाहीत, रस्ते बंद, उपचार खंडित. असे मृत्यू पंचनाम्यात येत नाहीत. आपल्याकडेही वादळानंतर पडलेली घरे आणि मेलेली जनावरे मोजली जातात. वीज नव्हती म्हणून किती जणांचे काय बिघडले, हे कोणी मोजत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, तेव्हा रुग्णालयांनी किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल ठेवावे, अशी सूचना महापालिकेने दिली. मुंबईसाठी ते ठीक असेल. पण त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते, आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांना पुढचे काही आठवडे वीज मिळाली नव्हती. रस्ता बंद असलेल्या तालुक्यात आठ तासांचे डिझेल फार तर एका रात्रीपुरते आहे. आपल्यासारख्या नदी-नाल्यांच्या जिल्ह्यात किती दिवस रस्ता तुटू शकतो, हे पाहून साठा ठरवला पाहिजे.

आता उपायांकडे वळू. सगळ्या तारा जमिनीखाली घाला, अशी माझी मागणी नाही. तेवढा पैसा नाही, आणि जंगलभागात ते व्यवहार्यही नाही. पण उपकेंद्रापासून रुग्णालयापर्यंतचा तुकडा बहुधा लहान असतो. तेवढा भूमिगत करता येतो, किंवा तिथे आवरण असलेल्या तारा लावता येतात. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाला दोन वेगवेगळ्या फीडरवरून वीज मिळावी, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहील. मेच्या शेवटी होणाऱ्या झाडांच्या छाटणीत रुग्णालयाची लाइन पहिली घ्यावी. वादळानंतर कोणती लाइन आधी जोडायची, याची यादी आधीच लिहिलेली असावी आणि तिच्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांची नावे असावीत. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आणि आराखडा दिला आहे. त्या आराखड्यात बोटी आणि दोरखंडांइतकीच ही यादी महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या आतली. जनरेटर पुराच्या माहीत असलेल्या पातळीपेक्षा उंच ओट्यावर हवा. आठवड्यातून एकदा तो चालवून बघावा, आणि तोही नुसता पाच मिनिटे रिकामा नव्हे, तर वॉर्डांचा भार टाकून. अनेक जनरेटर रिकामे छान गुरगुरतात आणि भार पडताच बंद होतात. बॅटरी, डिझेल, फिल्टर आणि वीज आपोआप बदलणारी स्विच यांची नोंद वहीत हवी. आमच्याकडे तातडीच्या औषधांचा ट्रे असतो. प्रत्येक पाळीची सिस्टर त्यातली ॲड्रिनलिनची अँप्युल मोजून सही करते. जनरेटरच्या बॅटरीसाठी अशी सही कोणी करत नाही. खरे तर ती बॅटरीही तातडीचे औषधच आहे. जनरेटर लाखोंचा असतो आणि बॅटरी काही हजारांची. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ती घेता येते. अडते ते पैशावर कमी, आणि ‘हे काम कोणाचे’ या प्रश्नावर जास्त.

वायरिंगचाही विचार हवा. ९ जानेवारी २०२१च्या रात्री शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ती रात्र आमच्या पेशातला कोणी विसरू शकत नाही. तिथे वादळ नव्हते. पण रुग्णालयातली वीज म्हणजे नुसता पुरवठा नव्हे, हे त्या रात्रीने शिकवले. भार, जोडण्या, अर्थिंग आणि धूर ओळखणारी यंत्रणा यांची तपासणी हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.

तिसरी गोष्ट सौरऊर्जेची. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. छतावर सोलर पॅनेल बसले म्हणजे वीज गेल्यावरही दवाखाना चालेल, असे अनेकांना वाटते. बॅटरी नसलेली आणि ग्रिडला जोडलेली साधी यंत्रणा वीज जाताच स्वतःही बंद होते. तशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते, नाहीतर छतावरची वीज उलट तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणून आरोग्य केंद्रासाठी सोलर घेताना बॅटरी आणि वेगळे सर्किट लागते. त्यावर प्रसूतिगृहाचे दिवे, बाळाचा वॉर्मर, सक्शन आणि प्राणवायूचे यंत्र चालले तरी पुष्कळ झाले. आपल्याला लागून असलेल्या छत्तीसगडने कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह अशी यंत्रणा बसवली. देवरीची सीमा ओलांडली की तो अनुभव पाहता येतो. फक्त एक लक्षात ठेवावे, की पॅनेल बसवण्याचा समारंभ एकदाच होतो, पण बॅटरीची देखभाल दर महिन्याला करावी लागते. देखभालीचा करार नसेल, तर तीन-चार वर्षांत छतावर नुसत्या काचा उरतात.

लसींच्या बाबतीत मात्र आपण एक चांगली गोष्ट करून ठेवली आहे. लसी २ ते ८ अंशांत ठेवणाऱ्या आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो लसी थंड ठेवू शकतो. वीज जाणारच, हे धरून तो घडवला आहे, आणि त्याचे तापमान रोज दोनदा लिहिले जाते. जो शहाणपणा आपण लसीच्या पेटीसाठी दाखवला, तोच संपूर्ण दवाखान्यासाठी दाखवायचा आहे. हा प्रश्न आपल्या एकट्याचाही नाही. अल्प आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या सुमारे शंभर कोटी लोकांची आरोग्य केंद्रे विजेविना किंवा बेभरवशाच्या विजेवर चालतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालात म्हटले आहे.

चौथी गोष्ट माणसांची. वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरमध्ये, मुद्दाम वीज बंद करून सराव व्हावा. कोणाच्या हातात टॉर्च, कोण अंबू बॅग दाबणार, कोण सिलिंडर जोडणार, हे ठरलेले असावे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवले की वॉर्मरशिवायही ऊब मिळते. पायाने चालणारे सक्शन भंगारात काढू नये. यंत्र कितीही आधुनिक आले तरी हाताने आणि पायाने चालणारा एक पर्याय खोलीत असावा, हे मी त्या रात्री शिकलो.

वीज कामगारांविषयी एक शब्द सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वीज गेली की आपण फोन करकरून त्यांच्यावर ओरडतो. घाईत खांबावर चढलेला आणि भाजून आलेला तरुण लाइनमन मी वॉर्डात पाहिला आहे. अशा जखमेत वरून चट्टा लहान दिसतो, पण आतला स्नायू जळालेला असतो. कधी हात काढावा लागतो. म्हणून ‘लवकर जोडा’ असा तगादा लावण्यापेक्षा ‘आधीच मजबूत करा’ अशी मागणी करणे अधिक माणुसकीचे आहे.

आता वाचकांसाठी थोडे. घरी प्राणवायूचे यंत्र वापरणारा रुग्ण असेल, तर भरलेला एक सिलिंडर जवळ ठेवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. इन्सुलिन घेत असाल आणि फ्रिज बंद पडला, तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. लहान जनरेटर घरात किंवा बंद पडवीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जनरेटर जोडताना चेंजओव्हर स्विच हवीच. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती बंद असेल असे धरू नका. आणि पावसाळ्यात लाइट गेली, उकडते म्हणून खाली जमिनीवर झोपू नका. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यानेही मण्यारीपासून मोठे संरक्षण मिळते. रात्री झोपेतून उठून पोट दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे असे काही झाले, तर वैदूकडे न जाता थेट दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात गेलात, ग्रामसभेत बसलात किंवा जिल्हा परिषदेचे सदस्य भेटले, तर एक प्रश्न जरूर विचारा: जनरेटर शेवटचा कधी चालवून पाहिला? तारीख वहीत लिहिलेली असेल, तर त्या केंद्राचे आभार माना. नसेल, तर पुन्हा विचारा. हा प्रश्न मे महिन्यात विचारायचा आहे, कारण जुलैच्या रात्री दोन वाजता तो विचारायला वेळ नसतो.